हिंगोलीच्या मुक्कामी उतरलेला सूर

पूर्णा जंक्शनहून अकोल्याच्या बाजूस जाणाऱ्या लोहमार्गावर वसमत मागे पडले म्हणजे भूमीची घडण हळूहळू पालटू लागते. काळ्या रानातून अधूनमधून खडक डोके वर काढतो, माळाच्या टेकड्या जवळ येतात, आणि मग जे स्थानक लागते त्याच्या पाटीवर 'हिंगोली डेक्कन' अशी अक्षरे दिसतात. निजामाची सत्ता सप्टेंबर १९४८ मध्ये गेली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला. स्थानकाने मात्र आपले 'डेक्कन' अद्याप सोडलेले नाही.

या जिल्ह्यात बाहेरचा मनुष्य येतो तो बहुधा देवासाठी, नाहीतर हळदीसाठी. औंढ्याचा नागनाथ हे ज्योतिर्लिंग म्हणून सर्वश्रुत आहे. कयाधूकाठची नर्सी हे नामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. हळदीचे म्हणाल तर हिंगोलीचा हळदबाजारच संत नामदेवांच्या नावाने चालतो. मी गेलो तो चैत्रातील उन्हाचा पंधरवडा होता. शिजवून वाळविलेली हळद मोठमोठ्या ढोलांत घालून फिरवीत होते, आणि तिची पिवळी धूळ रस्त्यावर, झाडांवर, दाराच्या कड्यांवर बसलेली होती. या धुळीचा पुढील हकिकतीशी संबंध आहे, म्हणून ती येथे नमूद करून ठेवितो.

मला बोलावणे आले होते ते मात्र एका यंत्राची नाडी पाहण्यासाठी. माझे आतेभाऊ येथे पुष्कळ वर्षे वकिली करून आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या घरी दीर्घवादन तबकड्यांचा, म्हणजे ज्यांस आपण 'एल.पी.' म्हणतो त्यांचा, बराच मोठा संग्रह आहे. जुने यंत्र बिघडून पंचवीस-तीस वर्षे तो कपाटात निजला होता. गेल्या दिवाळीत त्यांच्या अमेरिकेतील मुलाने तेथील आपले पट्ट्यावर चालणारे टर्नटेबल घरी आणून दिले. तेथील वीज आपल्याकडील विजेच्या निम्म्या दाबाची, तेव्हा २३० व्होल्टांचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मरही त्याने सोबत आणला. यंत्र फिरले, गाणे वाजले, घरात आनंद झाला. एकट्या आत्याला तो झाला नाही.

आत्याचे वय शहाऐंशी. ऐन संसारात असताना ती या तबकड्यांबरोबर पेटी धरून बसत असे. पहिली तबकडी दोन मिनिटे ऐकून ती म्हणाली, "हा त्या बाईंचा आवाज नव्हे. सूर उतरला आहे." दुसरी लावली, तिसरी लावली, उत्तर तेच. घरातील मंडळींनी प्रथम यंत्रास दोष दिला. नातवाने एकामागून एक असे दोन नवे पट्टे मागवून बसविले. फरक काही पडेना, तेव्हा दोष यंत्राकडून निघून आत्याच्या कानांकडे गेला. मी पोहोचलो त्या रात्री दादा मला बाजूस घेऊन म्हणाला, "आईचे आता वय झाले. नांदेडला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तू एकदा यंत्र पाहून घे, म्हणजे मन मोकळे होईल." दाराआड आत्या बसलेली होती. तिने हे ऐकले, आणि ती काही बोलली नाही. एकत्र कुटुंबात वृद्धांच्या वाट्यास येणारे हे मौन ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांस त्याविषयी अधिक सांगावयास नको.

या यंत्राची रचना वस्तुतः फार साधी आहे. एका कोपऱ्यात लहानशी मोटार, तिच्या आसावर दोन पायऱ्यांची लहान पुली, मध्यभागी जड थाळी, आणि पुलीवरून थाळीच्या आतल्या कड्याभोवती गेलेला रबराचा पातळ पट्टा. गिरणीच्या पट्ट्याचेच हे धाकटे भावंड. परंतु गिरणीत पट्टा शक्ती पोहोचविण्यासाठी असतो. येथे तो शक्ती पोहोचविता पोहोचविता थरथर अडविण्यासाठी असतो. तबकडीवरील खोबण केसाच्या जाडीहून अरुंद, आणि तिच्यातील जी वळणे सुई वाचते ती त्याहून कितीतरी सूक्ष्म. मोटार थाळीस थेट भिडली तर मोटारीची घरघर सुईपर्यंत जाते व गाण्याच्या खाली एक घुमणे ऐकू येते. लवचिक पट्टा ती घरघर आपल्या अंगात जिरवितो आणि थाळीचा जडपणा उरलीसुरली दाबून टाकतो.

पट्टा म्हातारा झाला म्हणजे मात्र तो सैल पडतो, त्याचे अंग काचेसारखे गुळगुळीत होते, बारीक चिरा जातात. असा पट्टा घसरतो. गाणे मंद होते, पण सारखे मंद होत नाही. लांबविलेला स्वर डोलू लागतो, थाळी हाताने किंचित रोखली तर वेग पुन्हा धरावयास तिला वेळ लागतो. पट्टा पुसावा तो सौम्य साबणाच्या पाण्याने किंवा स्पिरिटने, पूर्ण वाळवून, आणि त्यानंतर बोटाचा तेलकटपणा त्यास लागू देऊ नये. गिरणीच्या पट्ट्यास राळ लावितात म्हणून यासही लावावी असे सुचविणारे एक गृहस्थ मला तेथे भेटले. राळेने हा पट्टा दोन दिवस धावेल आणि तिसऱ्या दिवशी पुलीस चिकटून बसेल.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी थाळीच्या कडेस कागदाचा एक कपटा चिकटविला आणि सेकंदकाट्याचे घड्याळ समोर ठेवून फेरे मोजावयास बसलो. दीर्घवादन तबकडी मिनिटास तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. हा हिशेब इतका सोयीचा आहे की घरोघरी मुलांनीही तो करून पाहावा. आमच्या थाळीने तीन मिनिटांत ८३ फेरे पुरे केले व चौऱ्याऐंशीव्याचा सुमारे तिसरा हिस्सा. पुन्हा मोजले, ८३ आणि तिसरा हिस्सा. जुना पट्टा चढविला, सुई टेकविली, उचलली, तबकडी काढली, ठेविली, आकडा हलेना. पट्टा घसरत असता तर तो दर खेपेस निराळा आला असता. चूक इतकी एकनिष्ठ असते तेव्हा ती झिजेची नसते, हिशेबाची असते.

शंभराचे त्र्याऐंशी आणि एक तृतीयांश म्हणजे सहाचे पाच. अमेरिकेतील वीज सेकंदास साठ आवर्तने करते, आपली पन्नास. तेही सहाचे पाचच. अशा यंत्रांतून बहुधा जी सिंक्रोनस मोटार असते ती विजेच्या दाबाकडे लक्ष देत नाही. आवर्तनांच्या तालावर पाऊल टाकते. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, ताल बदलू शकत नाही. साठाच्या तालावर शिकलेली मोटार पन्नासाच्या तालावर नाचत होती, आणि पट्टे बिचारे विनाकारण बदली होत होते. पूर्वी आपल्याकडे प्रांतोप्रांतीच्या विजेची आवर्तने थोडीफार मागेपुढे असत. परंतु ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्यास जोडले गेल्यापासून सारा देश एकाच तालावर आहे. संध्याकाळी दिवे मिणमिणले तरी ताल जवळजवळ ढळत नाही. तेव्हा हिंगोलीच्या विजेस दोष देण्यासारखे काही उरले नव्हते.

मग मी आत्याला म्हणालो, "आत्या, पेटी काढ." तिने माझ्याकडे एकदा पाहिले व कोपऱ्यातील पेटीवरचे फडके स्वतःच काढले. तिने रोज ऐकलेली एक भावगीतांची तबकडी लाविली. ती म्हणाली, "ही काळी चारची. आता बघ." तिने भाता ओढला आणि शोधू लागली, तबकडीचा षड्ज पांढरी चारवर आला, तोही पेटीच्या पट्टीहून किंचित खालीच. ज्यांना स्वरांचे गणित ठाऊक आहे त्यांच्या ध्यानात आलेच असेल: सहास पाच हे प्रमाण म्हणजे कोमल गांधाराचे अंतर. बाईंचा आवाज षड्जापासून कोमल गांधाराइतका खाली उतरून चालला होता, आणि लयही तितकीच जड झाली होती. थाळीचा वेग पंचेचाळीसच्या पायरीवर चढविला तर? नातवाने तेही करून पाहिले होते, त्या वेळी आत्या म्हणाली होती, "आता चढला." तीही गोष्ट खरी निघाली. पंचेचाळीसचे सहास पाच केले तर साडेसदतीस, आणि ते खऱ्या वेगाच्या नवास आठ इतके जास्त; म्हणजे शुद्ध ऋषभाचे अंतर. पेटीवर षड्ज काळी पाचवर मिळाला. आत्याचे कान कोमल गांधाराने खाली व शुद्ध ऋषभाने वर, असे दोन्ही वेळी अचूक होते.

दादा हे सारे दारात उभा राहून पाहत होता. त्याने खिशातून फोन काढला, बाहेर जाऊन नांदेडची वेळ रद्द केली, आणि परत येऊन आईशेजारी जमिनीवर बसला. वहिनींनी तेवढ्यात चहा आणला. आत्या कोणास काही बोलली नाही. तिने ती तबकडी पुन्हा एकदा, उतरलेल्याच सुरात, शेवटपर्यंत ऐकली.

आता उपाय. साठाचे यंत्र पन्नासावर आणण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे आवर्तने बदलून देणारी विजेची पेटी घेणे. ती महाग पडते. दुसरा म्हणजे पुली मोठी करणे. कित्येक कारखानदार पन्नासाची पुली वेगळी देतात व ती मिळत असेल तर तीच घ्यावी. या यंत्राची निर्मिती थांबून पुष्कळ काळ लोटला होता. हिंगोलीस मोटारपंप व हळदीचे ढोल दुरुस्त करणारी लेथची दुकाने आहेत. त्यांपैकी एकात आम्ही पुली नेली. मी खिशातील हिशेबाचा कागद उघडण्यापूर्वीच मिस्त्रींनी विचारले, "साहेब, पट्टा किती जाड आहे?" या एका प्रश्नावरून मी निश्चिंत झालो. कारण येथेच बहुतेकांचा हिशेब फसतो. जुनी पुली १२.८ मिलिमीटर व्यासाची. तिची सरळ सव्वापट नव्हे, एक पूर्णांक दोन दशांशपट केली तर १५.३६ होते. परंतु वेग ठरतो तो पुलीच्या अंगावरून नव्हे, पट्ट्याच्या जाडीच्या मध्यावरून. पट्टा ०.६ मिलिमीटर जाड; तो मिळवून १३.४, त्याची एक पूर्णांक दोन दशांशपट १६.०८, त्यातून पट्टा वजा केला म्हणजे १५.४८. फरक केसाच्या दीडपट जाडीचा, पण त्याने वेग पाऊण टक्का चुकला असता, आणि आत्याने तो ओळखला असता. दुसरी पायरीही त्याच रीतीने काढली. पितळ्याची पुली दोन दिवसांनी देतो असे मिस्त्री म्हणाले. भोक आसाच्या बरोबर मध्यावर हवे, तसूभर काय, केसभर इकडेतिकडे गेले तरी स्वर कापरा होतो, हे मी सांगितले. त्यांस ते ठाऊक होते.

हे दोन दिवस मोकळे मिळाले म्हणून आम्ही औंढ्यास गेलो. देवळाचा खालचा भाग यादवकालीन, शिल्पांनी भरलेला. वरचा अहिल्याबाईंच्या काळातील, साधा व पांढरा. लिंग जमिनीच्या पोटात आहे. अरुंद वाटेने बसत-वाकत उतरावे लागते. विसोबा खेचर व नामदेव यांची भेट येथलीच म्हणून सांगतात. नामदेव दारी कीर्तन करीत असता त्यांस उठवून देवळाच्या मागे घालविले, तेव्हा देवळानेच फिरून त्यांच्याकडे तोंड केले, ही आख्यायिका सर्वांस माहीत आहे. नंदी मागील बाजूस आहे तो तिची साक्ष म्हणून दाखवितात. पट्ट्यावाचून आणि मोटारीवाचून फिरलेली ही एवढी एकच थाळी, असे दादा हसून म्हणाला. विनोद बरा होता, म्हणून लिहिला.

याच औंढा तालुक्यात, दुधाळ्याच्या बाजूस, 'लायगो-इंडिया' नावाची वेधशाळा उभी राहावयाची आहे. तिला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. आत जाण्याचा आम्हांस अधिकार नव्हता; दुरूनच तो माळ पाहिला. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांतून धावणारा लेसरचा किरण, टोकांस आरसे. आणि अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली म्हणजे त्या लाटेने ही लांबी जी बदलते, ती मोजावयाची. बदल किती, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाइतका. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लाट पकडली. एवढे सूक्ष्म ऐकावयाचे तर पृथ्वीची, रस्त्यावरील मालमोटारीची, वाऱ्याची थरथर आरशापर्यंत जाता कामा नये. म्हणून चाळीस किलो वजनाचा आरसा काचेच्या केसासारख्या तंतूंनी टांगितात, तो ज्यास टांगिला तेही टांगलेले, अशा चार पायऱ्या. आपल्या स्वयंपाकघरातील शिंके आठवावे: दोर वरून भराभर हलविला तरी खालचे मडके जवळजवळ स्थिर राहते, फक्त सावकाश हलविले तर ते झोके घेते. टर्नटेबलात याच तत्त्वाचे बाळरूप आहे. एडगर व्हिल्चर नामक अमेरिकन गृहस्थाने १९६१ मध्ये जे यंत्र काढले त्यात थाळी व सुईची भुजा ही दोन्ही एकाच सांगाड्यावर बसवून तो सांगाडा स्प्रिंगांवर तरंगत ठेविला होता, आणि मोटार वेगळी. यंत्राच्या पेटीवर हातोडीने ठोकले तरी गाणे चालू राही. नंतरच्या कितीतरी यंत्रांनी हीच रचना उचलली. आमच्या घरचेही त्यांतलेच.

मात्र शिंक्याचा दोष त्यातही आहे. सावकाश झोका त्यास सोसत नाही. वाड्याच्या माडीवर जमीन फळ्यांची. कोणी पोर धावत गेले की सांगाडा डोले आणि सुई उडे. जमिनीचा विषय निघाला म्हणून सांगतो: या जिल्ह्याची जमीन अगदीच निर्विकार नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावी भूगर्भातून गूढ आवाज येत असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आहेत, आणि २०२४ च्या मार्चात व पुन्हा जुलैत जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. त्यांपुढे लायगोच्या आरशांचेही काही चालत नाही. मोठा भूकंप झाला की अमेरिकेतील वेधशाळाही काही वेळ ऐकावयाच्या थांबतात. आपण पोरांच्या धावण्यापुरता विचार करावा.

तो विचार वाड्यानेच सोडविला. तळमजल्यावरील भिंत दगडी, दोन हात जाड, आणि तिच्यात जुने फडताळ. त्याची दारे काढून आत शहाबादी फरशी बसविली, पाणसळ लावून दोन्ही अंगांनी समतल केली, आणि यंत्र तेथे ठेविले. बाजारात हजारो रुपयांस विकल्या जाणाऱ्या भिंतीवरील फळ्यांहून हे फडताळ मला अधिक विश्वासाचे वाटते. स्पीकर त्याच भिंतीस टेकवू नयेत. गाण्याचा आवाज भिंतीतून सुईस परत जाऊन घुमू लागतो. ट्रान्सफॉर्मरची जागाही पाहावी. तो सुईच्या भुजेशेजारी ठेविलेला होता आणि गाण्याच्या मागे सतत एक गुणगुण होती. तो हातभर दूर नेताच ती निम्मी झाली. भुजेची पातळ अर्थिंगची तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूस नीट आवळली तेव्हा उरलेली गेली.

पुली ठरल्या वेळी मिळाली. बसवून कपटा चिकटविला. तीन मिनिटांत शंभर फेरे, शंभराव्यास काटा आणि कपटा बरोबर आले. पेटीवर काळी चार. आत्याने भाता थांबविला, आणि चालू गाण्यात आपला बारीक आवाज मिळविला. त्यानंतर भीमसेन जोशींनी गायिलेल्या अभंगांची तबकडी निघाली, नामदेवांचे अभंग आले, आणि दुसऱ्या दिवशी नर्सीस जावयाचे ठरले. नर्सीस मराठी वारकऱ्यांइतकेच शीख यात्रेकरूही भक्तीने येतात. गुरु ग्रंथसाहेबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत.

हळदीच्या धुळीचे राहिले. ती तेलकट नाही, पण फार बारीक आहे, आणि सुईच्या टोकाशी तिचा लहान गोळा जमतो. मग स, श ही अक्षरे फाटू लागतात. सुई मऊ ब्रशाने मागून पुढेच झाडावी, उलट किंवा आडवी कधीही नाही. तबकडी लावण्यापूर्वी कोरड्या मऊ ब्रशाने पुसावी. हळदीच्या दिवसांत फडताळापुढे पडदा सोडावा. सुईचा भार बहुधा दीड ते दोन ग्रॅम असतो. कार्ट्रिजवाल्याने सांगितला असेल तेवढाच द्यावा. तबकडी झिजेल या भीतीने तो कमी करणारे लोक ती अधिक झिजवितात, कारण हलकी सुई खोबणीत उड्या मारते. उन्हाळ्यात तबकड्या एकीवर एक रचू नयेत. उभ्या ठेवाव्यात, पत्र्याच्या कपाटात तर मुळीच नको. थाळीच्या आसाचे जुने तेल पुसून पातळ तेलाचा एखादाच थेंब वर्षाकाठी पुरतो.

जुनी अमेरिकन पुली कागदात गुंडाळून, वर 'साठ' असे लिहून, फडताळाच्या खणात ठेविली आहे. मुलगा यंत्र परत तिकडे नेईल तर लागेल. त्याच खणाच्या खाली आत्याच्या सासऱ्यांच्या वेळच्या लाखेच्या सुमारे चाळीस तबकड्या निघाल्या. त्यांचा वेग अठ्ठ्याहत्तर. त्यांची खोबण रुंद, तीस सुईही चौपट जाड लागते, आणि आमच्या पुलीस पायऱ्या दोनच. त्या या यंत्रावर लावावयाच्या नाहीत, असे मी मुलांस दोनदा बजावून सांगितले. आत्याने त्या एकेक काढून, फडक्याने पुसून, पुन्हा उभ्या लाविल्या.